ताई आणि मी, पोर्तो रिकोच्या डोंगरात

रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला त्या संध्याकाळी मुलीचा अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या बॉथेलहून फोन आला. "आई, यू बोथ नीड अ ब्रेक," ती म्हणाली. "मी टिकेट्स बुक केलीत. नो आर्ग्युमेंट्स." ती तिकडे फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटशी ज्या सुरात बोलते, त्याच सुरात हल्ली माझ्याशीही बोलते. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हतीच. मी बरं म्हटलं.

त्या 'बोथ'मधली दुसरी म्हणजे माझी मोठी बहीण. ताई नागपूरहून माझ्या घरी, अ‍ॅशबर्नला आली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, माझ्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. नवऱ्यापासून वेगळी होऊन मला नऊ वर्षं झाली आहेत, मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा घरात माझ्याजवळ राहणारं कुणी नव्हतं. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. स्तनात गाठ निघाल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "व्हिसा आहे माझ्याजवळ, दहा वर्षांचा. येते." ऑपरेशन झालं, मग चार केमो, मग रोजचं रेडिएशन. पाच महिने ती माझ्यासोबत होती. दोन जानेवारीचं तिचं परतीचं तिकीट होतं.

पोर्तो रिको मुलीने निवडलं, कारण ते अमेरिकेतच मोडतं. ताईच्या पासपोर्टवर नवा शिक्का लागत नव्हता, आणि डिसेंबरात तिथे उबदार असतं. सान हुआनमध्ये समुद्राजवळचा एक लहानसा फ्लॅट चार दिवसांसाठी घेतला होता. पहिले दोन दिवस आम्ही वाळूत खुर्च्या टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी ताईने खुर्ची फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"किती पाहायचं पाणी?" ती म्हणाली. "डोंगर दिसून राहिले तिकडे. तिथं जाता येतं का?"

येत होतं. भाड्याची गाडी होतीच. शिवाय माझ्या मनात एक गोष्ट होती, ती ताईशी एकदा निवांत बोलायची होती. घरी ते जमत नव्हतं. घरी कायम औषधाची वेळ झालेली असे, नाहीतर कुकरची शिट्टी. गाडीत माणूस शेजारी बसलेलं असतं आणि एकमेकांकडे बघावं लागत नाही. मला वाटलं, गाडीत विचारू.

तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास निघालो. हायवेने दक्षिणेला गेलो, काये गावाच्या पुढे मुख्य रस्ता सोडला आणि डोंगराच्या वाटेला लागलो. डाव्या हातावर सूज येऊ नये म्हणून दिलेली घट्ट बाही मी घातली होती, डोक्यावर सुती टोपी. टोपीखाली बोटाच्या पेराएवढेसुद्धा केस नव्हते. ताईने डिसेंबर म्हणून स्वेटर चढवला होता आणि तो काही काढायला तयार नव्हती.

रस्ता अरुंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने थांबायचं. आंधळ्या वळणावर इथले लोक आधी हॉर्न वाजवतात, मीही वाजवू लागले. दोन्ही बाजूंना केळी, बांबू, आणि कडेच्या ओलीत गुलाबी तेरडा माजलेला. एका घराच्या छपरावर वादळानंतर टाकलेली निळी ताडपत्री अजून तशीच होती, उन्हाने पांढुरकी पडलेली. ताई हे सगळं बघत नव्हती. वळणांनी तिच्या पोटात ढवळत होतं. तोंडात आवळ्याची सुपारी धरून, डोळे मिटून ती हळूहळू त्रिसरण पुटपुटत होती.

"परत फिरू का?" मी विचारलं.

"नाही. चाल तू. थांबली की जास्त होते."

मी विचारायचं ते विचारलं नाही. मळमळणाऱ्या माणसाला काय विचारणार?

आयबोनितो गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक उंच चौथरा आहे. तिथून म्हणे बेटाच्या एका बाजूचा समुद्र दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं. कठड्यापाशी उभ्या राहिलो तर खाली नुसतं पांढरं. पायऱ्या फक्त वीस-पंचवीस असतील, पण चढून गेल्यावर माझी ताकद संपली. मी कठड्याला टेकून उभी राहिले, आणि ताई बाजूला आली, आणि तिने माझ्या कोपराखाली हात घातला. पाच महिन्यांत हे इतक्या वेळा झालं होतं की आता तिचा हात आपोआपच येई. मी "थँक्यू" म्हटलं. ती धुक्याकडे बघत राहिली.

जेवायला गावाबाहेरच्या एका टपरीवजा हॉटेलात थांबलो. शेजारच्या दुकानात अख्खं डुक्कर सळईवर फिरत होतं, ताईने तिकडे पाठ केली. आम्ही भात आणि पिकल्या केळ्याचे तळलेले काप मागवले. पिवळा भात आला, त्यात हिरवट-तपकिरी दाणे. ताईने चमच्यावर दोन दाणे घेतले, चष्मा वर करून पाहिले, चावले.

"तूर आहे नं ही?"

मी खाऊन पाहिलं. खरंच तूर होती. हिरव्या शेंगांमधले ओले दाणे. विदर्भात आम्ही त्यांना सोले म्हणतो, आणि हिवाळ्यात त्यांचा भात करतो.

"हा तर सोलेभात," ताई म्हणाली. "तिखट नाही घातलं फक्त." आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने नीट खाल्लं. मीच अर्धी प्लेट सोडली. केमोनंतर माझ्या तोंडाला धातूची चव राहिली होती, ती अजून गेली नव्हती.

जेवणानंतर परत फिरायला हवं होतं. पण बारांकितास गावाकडून उतरलं तर अंतर कमी पडेल असं मला नकाशावर दिसलं, म्हणून पुढे गेले. अर्ध्या तासाने रस्त्यात नारिंगी पिंपं लावलेली दिसली. दरड पडून अर्धा रस्ता खाली गेलेला, आणि बाण एका बाजूच्या वाटेकडे दाखवत होता. त्या वाटेवर फोनची रेंज गेली. नकाशावरचा निळा ठिपका एका जागी थिजून बसला. मी चालवत राहिले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मघाचं वळण मी कसं घेतलं ते मला आठवत नाही.

रेडिएशनचा थकवा ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. झोप येते असं नसतं. आतलं पाणी कुणीतरी काढून घ्यावं तसं काहीसं होतं. मला स्टिअरिंग धरवेना. उजव्या हाताला एक घर होतं, पत्र्याचा व्हरांडा असलेलं, आणि समोर गाडी लावण्याइतकी सपाट जागा. मी तिथे गाडी घेतली, इंजिन बंद केलं.

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "मी फक्त पाच मिनिटं डोळे मिटते."

जागी झाले तेव्हा तीन वाजून गेले होते. माझ्या अंगावर ताईचा स्वेटर होता आणि शेजारची सीट रिकामी होती.

मी घाबरून बाहेर आले. ताई त्या घराच्या व्हरांड्यात बसली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत, समोर बादली, मांडीवर परात. तिच्या शेजारी ऐंशीच्या आसपासची एक बाई, फुलाफुलांचा झगा घातलेली. दोघींच्या मधल्या पोत्यात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या, आणि दोघी त्या सोलत होत्या. ताईला इंग्रजी जेमतेम येतं, स्पॅनिश तर कानावरूनही गेलेलं नाही, आणि त्या आजींना या दोन्ही भाषांशिवाय तिसरी भाषा असते हेही माहीत असेल-नसेल. 

आजींनी मला पाहून बाजूच्या खुर्चीकडे हात केला. मी बसले. त्यांनी माझ्या टोपीकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा शेंगा घेतल्या.

"कशी आलीस इथे?" मी ताईला विचारलं.

"तू झोपली. गाडीत बसून पाय आखडून राहिले होते. बाईंनी हात केला, आली." तिने अंगठ्याने शेंग फोडली, दाणे परातीत पडले. "किती दिवसांनी काही काम केलं असं वाटून राहिलं."

मला ते लागलं. पाच महिने ती काय करत होती मग?  पण दिवसभर मनात धरून ठेवलेलं तेच बाहेर आलं.

"ताई, एक विचारायचं होतं. अजून तीन-चार महिने राहशील का? मुदत वाढवून मागता येते. फॉर्म मी भरते, तुला काही करावं लागणार नाही."

तिचे हात थांबले नाहीत.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नसेल. "म्हणजे उन्हाळ्यापर्यंत नाही, मार्चपर्यंत—"

"ऐकलं मी. नाही राहत. आणि दोन जानेवारीपर्यंतही नाही राहायचं मला. होत असेल तर तिकीट अलीकडचं करून दे."

"काही झालं का? भाऊजींची तब्येत—"

"त्यांना काही नाही झालं. मीच थकली." हे तिने शेंगांकडे बघत, अगदी सपाट आवाजात सांगितलं. वर्गात हजेरी घेताना ती अशीच बोलत असावी. "सकाळी उठली की आधी तुझ्या दाराला कान लावते. श्वास ऐकू येतो का ते. मग चहा ठेवते. तू ऑफिसच्या कॉलवर बसली की मी खिडकीत बसते. समोर त्या तुमच्या बिनखिडक्यांच्या इमारती. आत कम्प्युटर आहेत म्हणते तू. माणूस नाही दिसत एक. पायी जावं तर कुठं जावं? नागपूरचा फोन आला की सगळे विचारतात, ती कशी आहे. खाते का, झोपते का. सगळ्यांना सांगते मी."

"ताई..."

"तूही नाही विचारलं कधी, की बाई तू कशी आहेस."

"असं कसं? विचारलं असेल गं."

"नाही विचारलं. थँक्यू म्हणते. पाण्याचा ग्लास दिला की थँक्यू, उशी दिली की थँक्यू. मी नर्स आहे का तुझी?"

आजी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. शब्द कळत नसले तरी बाकी सगळं त्यांना कळलं असावं. त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि आत गेल्या.

मला आधी राग आला. मी म्हणाले, "मी काही हौसेने आजारी नाही पडले."

"मी कुठं म्हटलं?"

"पाच महिने मनात ठेवलंस आणि आज इथे, कुणाच्या तरी दारात..."

"तिथं कसं सांगू? तू डोकं धरून बसलेली असायची. आज जरा बरी दिसून राहिली म्हणून सांगितलं." मग तिचे हात थांबले. "नात झाली मला. ऑक्टोबरात. सुनेनं परवा फोटो पाठवला, मान धरायला लागली पोर. तू फोटो पाहिला, छान आहे म्हटलं, आणि गोळ्यांचा डबा मागितला."

हे खरं होतं. डबा मागितल्याचं मला आठवत होतं. फोटोतल्या बाळाचा चेहरा आठवत नव्हता.

 मी पोत्यातली एक मूठ शेंगा घेतली आणि सोलायला लागले. डाव्या हाताची बोटं अजून बधिर होती, त्यामुळे निम्मे दाणे खाली सांडत होते. ताईने ते वाकून उचलले नाहीत. एरवी उचलले असते.

हातातली मूठ संपल्यावर मी म्हटलं, "मला तुझा तो गुळवेलीचा काढा आवडत नाही."

तिने वर पाहिलं. "मग पीत काहून होती?"

"तू पहाटे उठून करत होतीस म्हणून."

"मला त्याच्या वासानं मळमळते," ती म्हणाली. "तुझी तब्येत सुधारून राहिली म्हणून करत होती."

ती किंचित हसली, पण ते हसणं टिकलं नाही. हसायलाही अंगात काही असावं लागतं, आणि आम्हा दोघींत ते नव्हतं. ती मागे टेकून बसली. मी तिच्याकडे नीट पाहिलं. कानांवरचे केस पूर्ण पांढरे झाले होते. जुलैत ती विमानतळावर उतरली तेव्हा काळे होते. काळी मेंदी लावलेली होती. इथे तिला मेंदी लावायला कुणी नव्हतं. चार तासांवरच्या आयसेलिनला, आपल्या लोकांच्या वस्तीत, एकदा घेऊन जाईन, तिथे सगळं मिळतं, पार्लरही आहेत, असं मी तिला जुलैतच म्हटलं होतं. राहून गेलं.

आजी कॉफी घेऊन आल्या. लहान कपात, काळी, भरपूर साखरेची. त्यांच्याच मागच्या उतारावर झाडं होती, हे त्यांनी बोटाने दाखवून सांगितलं. ताई एरवी कॉफी पीत नाही. तो कप तिने संपवला आणि दुसरा मागितला.

चारच्या पुढे एक गाडी आली. आजींची मुलगी, माझ्याच वयाची, गावातल्या दवाखान्यात काम करणारी. तिला इंग्रजी उत्तम येत होतं. दारात दोन अनोळखी बायका बघून ती आधी चमकली, मग आईशी दोन वाक्यं बोलली आणि आमच्याकडे वळली.

"तुम्ही चुकीच्या बाजूने खाली उतरत होता," ती म्हणाली. "पुढचा पूलही बंद आहे. बरं झालं थांबलात." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला चालवता येईल?"

मी हो म्हटलं. माझ्या बाहीकडे बघत ती म्हणाली, "मी हायवेपर्यंत पुढे राहते. तुम्ही माझे लाल दिवे बघत या."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. एवढ्यात ताईने माझ्या हाताला चिमटा काढला आणि त्या बाईला आपल्या मोजक्या इंग्रजीत म्हणाली, "येस. प्लीज. शी इज टायर्ड. मी टू." ही शेवटची दोन अक्षरं तिने जरा जोरात म्हटली.

आजींनी सोललेल्या दाण्यांची एक पिशवी ताईच्या हातात दिली. ताईने दोन्ही हात जोडले. आजींनी तिच्या गालावर हात ठेवला आणि मग माझ्या टोपीवर.

त्या बाईच्या गाडीचे दिवे बघत मी पाऊण तास चालवलं. रस्त्याचा विचार करायचा नव्हता, फक्त ती जाईल तसं जायचं होतं. ताईने या वेळी डोळे मिटले नाहीत. हायवेच्या तोंडाशी ती बाई कडेला झाली, दोनदा हॉर्न वाजवला, आणि तिथूनच वळून डोंगरात परत गेली. आम्ही तिचा नंबर घेतला नव्हता.

 पुढे हायवेवर मी विचारलं, "बाळ कुणासारखं दिसतं?" ताई म्हणाली, "आता विचारायचं म्हणून नको विचारू." पाच-दहा मिनिटांनी तिने स्वतःच सांगितलं, "कपाळ बाबांसारखं आहे. एवढं मोठं." आमच्या वडिलांचं कपाळ खरंच मोठं होतं.

फ्लॅटवर पोचल्यावर तिने पिशवी फ्रिजमध्ये टाकली आणि सोफ्यावर आडवी झाली. "आज मी काही करत नाही," ती म्हणाली. "बाहेरून मागव." मी पिझ्झा मागवला. तो येईपर्यंत दोघी टीव्ही न लावता, दिवा न लावता बसून राहिलो. ते दाणे तसेच राहिले. निघायच्या दिवशी साफसफाईला बाई आल्या, त्यांना देऊन टाकले.

घरी परतल्यावर मी तिकीट बदललं. बावीस डिसेंबरला ताई गेली. मुलीला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी वैतागली. "बट हू विल बी विथ यू?" मी म्हटलं, मी आहे. मग ती म्हणाली, "ओके. पण मला रोज टेक्स्ट कर." विमानतळावर ताईने मला गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद दिला, आणि काढ्याची उरलेली पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचं सांगितलं. मी तिला थँक्यू म्हणायला गेले आणि थांबले.  तिने माझी टोपी सरळ केली आणि सिक्युरिटीच्या रांगेत गेली.

तो हिवाळा कठीण गेला. दुपारी चारनंतर मी कामाची राहत नसे. कधी नुसता दहीभात, कधी शेजारच्या काकूंनी आणून दिलेली खिचडी. पुष्कळदा ताईला फोन करावा असं वाटे आणि मी करत नसे, कारण मग आवाज रडवेला येईल आणि ती पुन्हा व्हिसा आहे, येते म्हणेल. केलाच तर आधी तिची चौकशी करायची असं ठरवलं होतं. सुरुवातीला ते मलाच खोटं वाटे. तिलाही वाटत असणार. "मी बरी आहे, तू मुद्द्यावर ये," ती म्हणायची.

मार्चमध्ये तपासणीला एकटी गेले. रिपोर्ट चांगला आला. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी नागपूरला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले होते.

"ताई, रिपोर्ट..."

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ताच झोपली. खांद्यावर आहे माझ्या."

मग मीही कुजबुजत सांगितलं, की काही सापडलं नाही, पुढचं बोलावणं सहा महिन्यांनी. ती ऐकत होती. फोनमध्ये तिच्या पावलांचा आवाज येत होता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता घरी जा आणि पड जरा."